फोन आपला, किल्ली कुणाची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मधे मधे आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसं की' काढून टाकलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करूया. हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्यात आधीपासूनच असलेलं, तुम्ही आयुष्यात एकदाही न उघडलेलं एखादं अ‍ॅप शोधा. त्याच्यावर बोट दाबून धरा. काही अ‍ॅप्सवर 'अनइन्स्टॉल' असा पर्याय येईल. काहींवर येणारच नाही. फार तर 'डिसेबल' येईल, आणि काही महाभागांवर तेही नाही. पंधरा-वीस हजार रुपये तुम्ही मोजलेत, बिल तुमच्या नावावर आहे, पडला-फुटला तर नुकसान तुमचं. पण त्यातलं एक फडतूस अ‍ॅप तुम्हाला काढता येत नाही.

का येत नाही? 'कंपनीला ते तिथे हवंय म्हणून' हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. कंपनीला काय हवंय ही एक गोष्ट, आणि फोन तुमच्या हातात असूनही तुम्ही ते करूच शकत नाही ही दुसरी. या दोन्हींच्या मधे खरीखुरी यंत्रणा आहे, चिपमध्ये कोरलेली. आज ती उघडून बघायची आहे. आणि ती बघायला आपल्याला पार मागे, पॉवर बटण दाबलं जातं त्या क्षणापर्यंत जावं लागेल.

बटण दाबल्यावर काय होतं

बंद फोनचं पॉवर बटण तुम्ही दाबून धरता. आधी जागी होते ती वीज वाटणारी चिप. प्रोसेसरला, रॅमला, स्टोरेजला वेगवेगळा व्होल्टेज लागतो, आणि तो ठरलेल्या क्रमाने द्यावा लागतो. हे झालं की प्रोसेसरचा एक कोअर चालू होतो. आता गंमत बघा. या क्षणी प्रोसेसरला काहीही माहीत नसतं. स्क्रीन आहे हे माहीत नसतं. तुमचे फोटो, अँड्रॉइड, कशाचाच पत्ता नसतो. इतकंच काय, फोनमध्ये ६ किंवा ८ जीबी रॅम आहे हेही माहीत नसतं, कारण रॅम वापरण्याआधी ती सुरू करावी लागते आणि ते काम अजून कुणी केलेलंच नाही.

प्रोसेसरला माहीत असतो फक्त एक पत्ता. तिथे जायचं आणि जे लिहिलंय ते करायला लागायचं. त्या पत्त्यावर एक छोटासा प्रोग्रॅम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. हा प्रोग्रॅम स्टोरेजमध्ये नसतो, चिप बनवतानाच तिच्या आत घडवलेला असतो. अपडेटने बदलत नाही, फॅक्टरी रीसेटने जात नाही. फोन भंगारात जाईपर्यंत तो तसाच राहतो.

बूट रॉमचं काम एकच. स्टोरेजमधून पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, उचलायचा आणि चालवायचा. पण उचलला की लगेच चालवत नाही. आधी त्याची सही तपासतो.

ही सही म्हणजे काय? बँकेत खातं उघडताना आपण सहीचा नमुना देतो. चेक आला की बँकेतला माणूस नमुना काढून सही ताडून बघतो. इथेही तेच, फक्त एक मोठा फरक आहे. बँकेतला नमुना कुणाच्या हाती लागला तर सराव करून तशी सही ठोकता येईल. डिजिटल सहीचं गणित असं आहे की नमुना जगजाहीर असला तरी त्यावरून सही करता येत नाही. सही करायला लागते ती खासगी किल्ली, आणि ती फोन कंपनीकडे, तिच्या कडेकोट बंदोबस्तात. तुमच्या फोनमध्ये असतो फक्त नमुना. म्हणजे तुमचा फोन सही ओळखू शकतो, पण तुम्ही सही करू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा भाग याच्यावर उभा आहे.

मग हा नमुना ठेवतात कुठे? स्टोरेजमध्ये ठेवला तर कुणीही बदलेल. म्हणून तो, किंवा खरं सांगायचं तर त्याचा ठसा, चिपमधल्या फ्यूजमध्ये ठेवतात. घरातला फ्यूज उडतो तसाच हा प्रकार, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या आकाराचा. चिपमध्ये अशा बारीक तारांची रांग असते. कारखान्यात विजेचा झटका देऊन त्यातल्या काही जाळतात. जळलेली म्हणजे १, शाबूत म्हणजे ०. जळलेली तार पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे लिहिलेलं पुसता येत नाही. फोन तुमच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी 'मी कुणाची सही मानणार' हे त्याच्या आत असं जाळून लिहिलेलं असतं.

पुढचं सोपं आहे. बूट रॉमने बूटलोडरची सही तपासली, पटली, त्याला चालवलं. बूटलोडरने रॅम जागी केली, पुढच्या टप्प्याची सही तपासली. त्याने अँड्रॉइडच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची तपासली. प्रत्येक जण पुढच्याला ओळखूनच आत घेतो. कुठेही सही जुळली नाही की फोन तिथेच थांबतो. स्क्रीनवर कंपनीचा लोगो फिरत असतो तेव्हा आत हे चाललेलं असतं.

शेवटची कडी मला सगळ्यात आवडते. अँड्रॉइडची स्वतःची सिस्टीम काही जीबींची असते. ती सगळी सुरुवातीलाच तपासायची म्हटली तर फोन चालू व्हायला चहा पिऊन होईल. म्हणून ती छोट्या छोट्या तुकड्यांत विभागतात, साधारण ४ केबीचा एक. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतात. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. मग या ठशांचे ठसे, त्यांचेही ठसे, असं करत करत वर एकच ठसा उरतो. त्या एकावर कंपनीची सही. आता फोन चालू असताना जो तुकडा वाचायची वेळ येईल, तेवढाच त्या क्षणी ताडून बघायचा. अँड्रॉइडमध्ये हे २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आलं आणि २०१६ च्या ७.० पासून सक्तीचं झालं.

आणि आता त्या न उघडलेल्या अ‍ॅपकडे परत या. ते याच सही केलेल्या सिस्टीमच्या आत बसलेलं आहे. ते खरोखर पुसायचं म्हणजे सिस्टीमचे तुकडे बदलायचे. तुकडे बदलले की ठसा बदलणार, ठसा बदलला की सही जुळणार नाही, सही जुळली नाही की फोन चालू होणार नाही. म्हणून 'डिसेबल'. अ‍ॅप झोपवलं जातं, जात नाही. काही जण कॉम्प्युटरला जोडून एडीबीच्या कमांडने अशी अ‍ॅप्स काढतात, तेही फक्त तुमच्या युझरपुरतं असतं. फॅक्टरी रीसेट केलं की साहेब पुन्हा हजर.

पण हे कुलूप वाईट आहे का?

नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण या विषयावर बोलणारे बरेच जण इथे घाई करतात.

विचार करा, सहीची ही साखळी नसती तर काय झालं असतं. तुमचा फोन दहा मिनिटं कुणाच्या ताब्यात गेला, त्याने सिस्टीममध्ये पाळत ठेवणारं काहीतरी घुसवलं आणि फोन परत ठेवला. तुम्हाला कधीच कळलं नसतं. संशयी नवरा, रागावलेला एक्स, सर्व्हिस सेंटरमधला चुकार माणूस, हे काही सिनेमातले धोके नाहीत. ही साखळी त्यांना अडवते.

ती कुठे तुटली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अ‍ॅक्सी-झिरो-एम-एक्स अशा टोपणनावाच्या एका संशोधकाने आयफोनच्या बूट रॉममधली एक चूक जाहीर केली. नाव दिलं चेकमेट. आयफोन ४ एस पासून आयफोन टेनपर्यंतचे सगळे फोन त्यात आले. अ‍ॅपलला ती चूक त्या फोनमध्ये दुरुस्त करता आली नाही, आणि का ते तुम्हाला आता माहीत आहे. बूट रॉम बदलताच येत नाही.

तर कुलूप हवंच. माझा प्रश्न कुलपाला नाही, किल्लीला आहे. घराला भक्कम दार लावून दिलं, छान. पण किल्ली बिल्डरकडेच राहिली आणि भिंतीत खिळा ठोकायलाही त्याला विचारावं लागलं, तर ते घर कुणाचं?

काही कंपन्या किल्ली देतात, अटी घालून. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि त्यात 'ओईएम अनलॉकिंग' नावाचं एक बटण असतं. काही फोनमध्ये ते चालतं, काहींमध्ये राखाडी होऊन पडलेलं असतं, काहींमध्ये नसतंच. चालत असेल तर बूटलोडर अनलॉक करून तुम्ही स्वतःची सिस्टीम टाकू शकता. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे त्रास द्यायला नाही, बरोबरच आहे. नाहीतर चोराने अनलॉक करून तुमचे फोटो बघितले असते.

पण त्यापुढे जी किंमत मोजावी लागते ती मात्र मला पटत नाही. दर वेळी फोन चालू करताना 'या फोनवर विश्वास ठेवता येणार नाही' अशा अर्थाची पाटी. बऱ्याच फोनवर नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी एचडी बंद, कारण व्हिडिओचं कुलूप उघडणारी व्यवस्था वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर घसरते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये तर यासाठी वेगळा फ्यूजच आहे. बाहेरची सिस्टीम टाकली की तो जळतो, आणि सिक्युअर फोल्डर कायमचं बंद. नंतर कंपनीची मूळ सिस्टीम परत टाकली तरी नाही. विजेच्या मीटरला सील असतं ना, तसं. मीटर तुमच्या घरात, सील त्यांचं, आणि तुटलं की तुम्हीच संशयित.

सगळ्यात मोठा फटका बँकेच्या आणि यूपीआयच्या अ‍ॅप्सचा. ही अ‍ॅप्स गूगलकडून खातरजमा करून घेऊ शकतात की हा फोन कुलूपबंद आणि मूळ अवस्थेत आहे का. फोनच्या आतल्या सुरक्षित कप्प्यातून सही केलेलं उत्तर जातं. उत्तर 'नाही' आलं तर अ‍ॅप उघडतच नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण प्रत्यक्षात काय होतं? चार-पाच वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला जुना फोन, केवळ कुलूपबंद आहे म्हणून बऱ्याचदा पास होतो. आणि तोच फोन एखाद्याने मेहनत घेऊन ताज्या, अपडेट मिळणाऱ्या मोकळ्या सिस्टीमवर आणला तर नापास. म्हणजे तपासणी 'फोन सुरक्षित आहे का' याची नसून 'फोन आमच्या ओळखीचा आहे का' याची झाली.

यातून मार्ग नाही असंही नाही. गूगलच्याच पिक्सेल फोनमध्ये तुम्ही स्वतःची किल्ली नोंदवून फोन पुन्हा कुलूपबंद करू शकता. ग्राफीनओएस ही सिस्टीम त्यावरच चालते. साखळी तीच, तपासणी तीच, फक्त सहीचा नमुना तुम्ही निवडलेला. अर्थात तिथेही काही बँकांची अ‍ॅप्स नखरे करतात.

आत आणखी कोण कोण आहे

इथवर आपण एकाच कॉम्प्युटरबद्दल बोललो. फोनमध्ये तो एकटा नसतो. टॉवरशी बोलणारा मोडेम हा वेगळा प्रोसेसर असतो, त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि ती तुम्हाला कुठल्याही सेटिंगमधून दिसत नाही. सिम कार्ड हासुद्धा एक चिमुकला कॉम्प्युटर आहे, छोटे प्रोग्रॅम चालवणारा. फोनमध्ये 'सिम टूलकिट' नावाचं अ‍ॅप दिसतं ना, ते त्याचं दार. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या चाचणीत एकाच वेळी सगळ्यांचे फोन कर्कश ओरडायला लागले होते, आठवतंय? त्यासाठी कुणाचाही नंबर लागला नव्हता. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारतो आणि फोन ओरडतो. पूर-वादळात हे जीव वाचवणारं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र हसू नये. इंटेलच्या चिपसेटमध्ये गेली बरीच वर्षं मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसरच्या आधी तो जागा होतो, आणि लॅपटॉप बंद असून वीज मिळत असेल तरी तो जागा असू शकतो. एएमडीच्या चिपमध्येही असाच एक जोडीदार असतो. २०१७ मध्ये उघडकीला आलं की इंटेलच्या या इंजिनाच्या नव्या पिढीवर मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. इंजिनिअरिंगच्या मुलांचे कान टवकारले असतील. हो, तेच, जाडजूड पुस्तकांचे लेखक अँड्र्यू टॅननबॉम, त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ मध्ये लिहिलेली मिनिक्स. तिची तिसरी आवृत्ती कोट्यवधी कॉम्प्युटर्समध्ये चालत होती आणि खुद्द लेखकाला पत्ता नव्हता! त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. लायसन्स मोकळं असल्यामुळे विचारायची सक्ती नव्हतीच, पण निदान सांगायची सभ्यता दाखवायला हरकत नव्हती, असा त्यांचा सूर होता.

त्याच वर्षी मे महिन्यात या इंजिनावर चालणाऱ्या एका सोयीतली चूक बाहेर आली. ऑफिसच्या आयटीवाल्यांना दुरून कॉम्प्युटर सांभाळता यावा म्हणून ही सोय असते. लॉगिन करताना आलेलं उत्तर खरं आहे का, हे ताडून बघताना प्रोग्रॅम मोजत होता की समोरच्याने किती अक्षरं पाठवली, आणि तेवढीच अक्षरं जुळवत होता. मग कुणी शून्य अक्षरं पाठवली तर? शून्य अक्षरं जुळवली, सगळी जुळली, या आत. पासवर्डची जागा रिकामी सोडून मुख्य अ‍ॅडमिन! आणि ही चूक अनेक वर्षं तिथे होती. सोय चालू केलेल्या मशीनवरच हा धोका होता हे खरं, पण लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आपण जे कंपन्यांनी वापरून विकलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतो, ते याच जातकुळीतले असतात. ते घेतल्यावर बायोसमध्ये जाऊन ही सोय बंद आहे ना आणि बायोस अपडेट केलेलं आहे ना, हे बघून घ्या.

हप्त्यावरचा फोन

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, त्याकडे येतो. आपल्यापैकी कित्येकांचा फोन ईएमआयवर घेतलेला असतो. दुकानात नवीन फोन उघडताना दुकानदार काहीतरी स्कॅन करतो, दोन-तीनदा 'अलाऊ' दाबतो आणि फोन हातात देतो. त्या दोन मिनिटांत नक्की काय होतं?

अँड्रॉइडमध्ये 'डिव्हाइस ओनर' नावाची भूमिका आहे. नाव बघा, डिव्हाइस ओनर, यंत्राचा मालक. ती मुळात कंपन्यांसाठी, कर्मचाऱ्यांना दिलेले फोन सांभाळायला. कोऱ्या फोनच्या स्वागताच्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो, आणि त्यातून एखाद्या अ‍ॅपला ही भूमिका देता येते. ही भूमिका मिळालेलं अ‍ॅप सेटिंग्जमधलं फॅक्टरी रीसेट बंद करू शकतं, सेफ मोड बंद करू शकतं, कॅमेरा बंद करू शकतं, आणि फोन एकाच स्क्रीनवर अडकवून ठेवू शकतं. तुम्ही ते काढू शकत नाही.

याहून पक्का प्रकार म्हणजे फोनचा आयएमईआय नंबर आधीच सर्व्हरवर नोंदवलेला असणं. फोन रीसेट केल्यावर पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की तो विचारतो, 'माझा कुणी मालक आहे का?' सर्व्हर म्हणाला 'आहे', की ते अ‍ॅप पुन्हा आपोआप बसतं. आणि हे सगळं त्या सहीच्या साखळीच्या आत चालतं, म्हणून ते तोडणं इतकं अवघड. चोरापासून तुमचं रक्षण करणारं तेच कुलूप इथे तुमच्याच विरुद्ध वापरलेलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की हप्ता थकवणाऱ्याचा फोन दुरून लॉक करायची परवानगी कर्ज देणाऱ्यांना द्यावी का, यावर रिझर्व्ह बँक विचार करतेय. आधी ग्राहकाची संमती घ्यायची आणि फोनमधल्या डेटाला हात लावायचा नाही, अशा अटींसह. त्याच बातमीत हेही होतं की २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच असं लॉक करणं थांबवायला सांगितलं होतं.

कर्ज देणाऱ्यांची बाजू आहे, नाही असं नाही. पैसे बुडाले तर पुढच्याला कर्ज महाग पडतं. पण टीव्हीचा हप्ता थकला आणि टीव्ही बंद पडला तर मालिका गेली. डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा फोन बंद पडला तर त्या दिवशीची कमाई गेली, म्हणजे ज्यातून हप्ता भरायचा तेच गेलं. ओटीपी फोनवर, गॅसचं बुकिंग फोनवर, डॉक्टरांची अपॉइंटमेंट फोनवर. आणि 'संमती' म्हणजे दुकानातल्या त्या दोन-तीन 'अलाऊ'च ना? ते वाचून कोण दाबतं? दुकानदारही वाचत नाही. माझं स्पष्ट मत आहे: लॉक करायचंच असेल तर फोन घेताना, मराठीत, कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहून द्या की हप्ता चुकला तर काय काय बंद होईल, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर हे अ‍ॅप किती दिवसांत निघेल.

फुटलेली स्क्रीन

थोडक्यात दुरुस्तीचं. पुण्यात हाँगकाँग लेनला गेलात आणि आयफोनची स्क्रीन किंवा बॅटरी बदलली, की 'हा भाग ओळखीचा नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. कारण भागालाही स्वतःचा क्रमांक असतो आणि फोन तो ताडून बघतो. म्हणून हुशार कारागीर जुन्या स्क्रीनवरची बारीकशी आयसी काढून नव्या स्क्रीनवर चढवतात. या कौशल्याला खरं तर पदवी द्यायला हवी. हा प्रकार टोकाला गेला होता तो 'एरर ५३'च्या वेळी. बाहेर दुरुस्त केलेले काही आयफोन अपडेटनंतर पूर्ण बंद पडले, आणि जून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने अ‍ॅपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, बाहेर दुरुस्ती केली म्हणून तुमचा हक्क गेला असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून भागांच्या अशा जोडणीवर बंधनं घातली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची मॅन्युअल आणि सर्व्हिसची माहिती एकत्र मिळते. चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

सरकार आणि कंपनी

किल्ली कंपनीकडे असली की आणखी एक गोष्ट होते. सरकारला तुमच्याकडे यावं लागत नाही, कंपनीकडे गेलं की पुरतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये कित्येकांच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये आधार प्राधिकरणाचा जुना हेल्पलाइन नंबर अचानक दिसायला लागला. कुणीच तो सेव्ह केलेला नव्हता. एकच गदारोळ झाला. प्राधिकरण म्हणालं आम्ही काही केलेलं नाही. मग गूगलने सांगितलं की २०१४ मध्ये भारतातल्या फोन कंपन्यांना दिलेल्या अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये हा नंबर आणि ११२ चुकून आमच्याकडूनच घातले गेले होते. कॉन्टॅक्ट्स गूगल खात्यासोबत नवीन फोनवर जातात, म्हणून तो वर्षानुवर्षं फोन बदलत फिरत राहिला. साधी चूक, नुकसान काही नाही. पण चार वर्षं कोट्यवधी लोकांच्या खिशात ती होती आणि कुणाच्या लक्षात आली नाही.

दुसरी गोष्ट मुद्दाम केलेली. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश दिला की भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीपासून टाका, ते बंद करता येईल असं ठेवू नका, आणि बाजारात गेलेल्या फोनमध्ये अपडेटमधून पाठवा. विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आता हे अ‍ॅप स्वतः वाईट आहे का? उलट त्यातल्या काही सोयी कामाच्या आहेत, पुढे एक सांगतोच. पण आदेशाची भाषा बघा. सिस्टीममध्ये बसवा, काढता येणार नाही असं बसवा. आपण मघाशी पाहिलेली सहीची साखळी जशीच्या तशी वापरायची होती.

हे लोकशाहीत मागे घेता आलं कारण बातमी बाहेर आली आणि लोक बोलले. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हाही आधीपासून टाकलेली गूगलची अ‍ॅप्स ग्राहकाला काढता आली पाहिजेत असं आदेशात होतं. म्हणजे किल्ली कुणाकडे असावी यावर कायदा बोलू शकतो. पण फक्त चिपकडे बघून हा प्रश्न सुटणार नाही.

सेकंडहँड फोन घेताना

शेवटी कामाचं. पुढच्या महिन्यात कुणी वापरलेला फोन घेणार असेल तर पैसे देण्याआधी एवढं करा. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर बघा, बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडा. मग इंग्रजीत केवायएम, एक मोकळी जागा आणि तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन असेल तर कळतं. ही संचार साथीचीच सोय, अ‍ॅप न टाकताही चालते.

मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' असं शोधा आणि तिथे अनोळखी नाव आहे का बघा. लॉक स्क्रीनवर किंवा सेटिंग्जमध्ये 'हे डिव्हाइस तुमच्या संस्थेचं आहे' अशा अर्थाची ओळ दिसली तर फोन अजून दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे. आयफोन असेल तर 'जनरल'मध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडा.

आणि हे सगळं नीट दिसलं तरी विकणाऱ्याला त्याच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायला सांगा, समोर बसून फॅक्टरी रीसेट करा, आणि तुमच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून सेटअप शेवटपर्यंत पूर्ण करा. इंटरनेटला न जोडता 'स्किप' करू नका. 'माझा कुणी मालक आहे का' हा प्रश्न फोन त्याच वेळी विचारतो. विकणारा म्हणाला 'कशाला एवढं, घरी जाऊन करा ना', तर फोन त्याला परत द्या आणि चहा पिऊन घरी या.